थेंब कुठून येतो, ते आधी बघा

मागच्या महिन्यात या सदरातून मी गळक्या नळांबद्दल प्रश्न मागवले आणि पत्रांची चळतच येऊन पडली. सगळी दोन-दोनदा वाचली. नळ किती दिवसांपासून गळतोय ते बहुतेकांनी लिहिलंय, त्या टपटपीने झोप कशी मोडते ते लिहिलंय, फिटरने येतो येतो म्हणून कशी टांग मारली तेही लिहिलंय. पण पाणी नेमकं कुठून येतं, हे फारच थोड्यांनी कळवलं. मला खरं तर आधी तेवढंच हवं असतं.

मी फिटरकाम वडिलांकडून शिकले. पुढे एका वसतिगृहाची देखभाल 22 वर्षं सांभाळली. तिथे 140 नळ होते. वडील नळाला पाना लावायच्या आधी खिशातून फडकं काढायचे, नळ वरपासून खालपर्यंत कोरडा पुसायचे आणि मग त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. लहानपणी मला ते बसणं म्हणजे वेळ घालवणं वाटायचं. पण त्या दोन मिनिटांत त्यांना सगळं कळलेलं असायचं. पाणी तोटीच्या तोंडातून येत असेल तर दोष आत, पाणी अडवणाऱ्या भागात. मुठीच्या बुडाशी येत असेल तर दोष स्पिंडलभोवतीच्या, म्हणजे मुठीखालच्या फिरत्या दांडीभोवतीच्या, पॅकिंगमध्ये. आणि भिंतीजवळ किंवा बेसिनखाली येत असेल तर नळ बिचारा ठीक असतो, जोड गळत असतो. दुखणी तीन आणि औषधंही तीन. म्हणून खालची उत्तरं वाचण्याआधी तुम्हीही एक कोरडं फडकं घ्या.

ताई, आमच्या न्हाणीघरातला जुना फिरकीचा नळ तोटीतून ठिबकतो. दर महिन्याला तो आणखी जोर लावून पिळावा लागतो. घरातले म्हणतात, एवढ्याशा थेंबासाठी कशाला खटाटोप, गळायचा पूर्ण थांबला नाही तर नवाच बसवू. मी कधी पाना हातात धरलेला नाही. मला जमेल का? (एक गृहिणी)

जमेल. आणि तुम्ही पाना कधी धरलेला नाही याची मला काळजी वाटत नाही, तुम्ही नळ जोरात पिळताय याची वाटते. ते आजपासून थांबवा.

तुमच्या नळाच्या पोटात एक छोटी रबरी चकती आहे, तिला आपण वॉशर म्हणतो. मूठ फिरवली की स्पिंडल खाली जातो आणि हा वॉशर पितळी सीटवर, म्हणजे पाण्याच्या भोकाभोवतीच्या गोल कडेवर, बसून पाण्याची वाट अडवतो. वॉशर नवा असताना बोटभर जोरात काम होतं. पुढे तो कडक होतो, त्यावर सीटचा गोल वण पडतो, आणि मग आपण जास्त पिळतो. जास्त पिळल्याने वण आणखी खोल जातो. म्हणजे जो जोर लावून तुम्ही थेंब थांबवता, तोच जोर पुढच्या महिन्याचा थेंब तयार करतो.

‘एवढासा थेंब’ किती असतो ते मोजून दाखवा घरच्यांना. नळाखाली मापाचा पेला 10 मिनिटं ठेवा आणि जमलेल्या पाण्याला 144 ने गुणा, कारण दिवसात 10 मिनिटांचे 144 तुकडे असतात. वसतिगृहात मी एका नळाखाली असा पेला ठेवला होता. 35 मिलिलिटर भरलं, म्हणजे दिवसाला 5 लिटर, महिन्याला 150 लिटर. तो नळही सगळ्यांना ‘थोडासा’ गळतो असंच वाटायचं.

आता काम. आधी त्या नळाचा पुरवठा बंद करा. वेगळा कॉक असेल तर तो, नाहीतर घराचा मेन कॉक. मग गळणारा नळ पूर्ण उघडा आणि पाइपातलं पाणी संपू द्या. पाणी येणं थांबलं नाही, तर कॉक नीट बंद झालेला नाही. पुढे जाऊ नका. खाली जाळी असेल तर तिच्यावर फडकं पसरा. मुठीचा स्क्रू इतका छोटा असतो की जाळीतून गेला की गेलाच.

मुठीवर लाल किंवा निळी टिकली असते. ती चाकूच्या टोकाने हलके उचला, खाली स्क्रू दिसेल. तो काढून मूठ वर ओढा. खूप वर्षांची असेल तर क्षाराने चिकटलेली असते. ती हातोडीने ठोकू नका, कोमट पाणी ओतत डावी-उजवीकडे हलवत राहा. मूठ निघाली की षटकोनी नट दिसेल. चकचकीत नळाला पान्याचे दात उमटतात, म्हणून नटावर फडक्याची घडी ठेवा. एका हाताने नळाचं अंग घट्ट धरा, दुसऱ्या हाताने नट घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. हे अंग धरणं कोणी सांगत नाही, पण फार महत्त्वाचं आहे. ते धरलं नाही तर जोर सगळा भिंतीतल्या जोडावर जातो, आणि नळ दुरुस्त होऊन भिंत गळायला लागते.

नट आणि स्पिंडलचा सगळा जोड बाहेर आला की त्याच्या टोकाला एक छोटी दांडी आणि तिच्यावर वॉशर दिसेल. हा जंपर. कधीकधी जंपर वर येत नाही, खाली सीटवरच बसून राहतो. मग वाटतं की या नळाला वॉशरच नाही. आत डोकावून बघा आणि पकडीने उचला. वॉशरचा छोटा नट सोडवा आणि जुना वॉशर हातात घ्या. नख लावून बघा. चांगलं रबर दबतं आणि परत उठतं. तुमचा बहुधा दबणारच नाही आणि त्यावर स्पष्ट गोल खाच असेल. तोच जुना तुकडा दुकानात घेऊन जा. ‘अर्ध्या इंची नळाचा द्या’ एवढ्यावर विसंबू नका. जाडीत आणि मधल्या भोकात फरक असतो.

नवा वॉशर बसवला की जोड परत लावायच्या आधी स्पिंडल उघड्या बाजूला, म्हणजे वर, फिरवून ठेवा. बंद स्थितीत बसवलात तर नट आवळताना नवा वॉशर सीटवर चिरडतो. पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवा. हाताने सहज जात नसेल तर आटे तिरके बसलेत, काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने थोडं आवळा. मेन कॉक हळूहळू उघडा, नळ आधी जरा उघडाच राहू द्या, हवा आणि गाळ निघून जाऊ दे, मग बंद करा. दोन बोटांनी बंद होईल. इतक्या हलक्या हाताने बंद होतो याचाच तुम्हाला पहिले दोन दिवस विश्वास बसणार नाही आणि सवयीने पिळाल. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

वरचं सगळं मी केलं, तेही एका महिन्यात दोनदा. नवा वॉशर आठ दिवस टिकतो, पुन्हा थेंब सुरू. वॉशरच हलके मिळतात का? (एक निवृत्त शिक्षक)

काका, पहिल्या वॉशरला दोष देता आला असता. दुसराही तसाच गेला म्हणजे तो ज्यावर बसतो ती जागा खराब आहे. नळ खूप दिवस गळत राहिला की त्या बारीकशा फटीतून जाणारं पाणी पितळालासुद्धा ओरखडा पाडतं. एकाच जागेवर, रात्रंदिवस, दाबाखाली. सीटच्या कडेवर केसाएवढी खाच पडते आणि मग कितीही चांगला वॉशर आणा, पाणी त्या खाचेतून जातं. खाचेची धार वॉशरही कापते.

डोळ्यांना ती खाच दिसत नाही, कारण सीट अंधारात, खोल असते. एक सोपी तपासणी सांगते. जोड काढल्यावर काडीच्या टोकाला थोडा कापूस गुंडाळा आणि सीटच्या गोल कडेवरून सावकाश फिरवा. कड चांगली असेल तर कापूस घसरत जातो. खाच असेल तिथे तो अडकतो आणि दोन-चार तंतू मागे राहतात. ते तंतू जिथे राहिले तिथून तुमचा नळ गळतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टॉर्चच्या उजेडात तीन पांढरे तंतू कडेला उभे होते, आणि जो नळ तीन वॉशर खाऊन बसला होता त्याचं कारण समोर होतं.

उपाय दोन. सीट घासून सपाट करण्याचं हाताने फिरवायचं एक अवजार येतं. नळाच्या अंगात आट्यांवर बसवून चार-पाच फेरे हलक्या दाबाने फिरवलं की कड पुन्हा एकसारखी होते. घाई करून जोर लावला तर सीट तिरकी घासली जाते, म्हणून दोन फेऱ्यांनंतर थांबा आणि कापूस फिरवा. नंतर पितळेचा चुरा पाण्याने धुऊन काढा, नाहीतर तोच नव्या वॉशरमध्ये रुतेल. काही नळांत सीट वेगळी, आट्यांची असते. ती ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या वाकड्या चावीने) काढून नवी बसवता येते. अवजार मिळत नसेल आणि खाच खोल असेल, तर नळच बदला. त्या नळाने त्याचं काम केलेलं आहे.

ताई, मी खोली घेऊन राहतो. नळ नवाच आहे, पाव फेऱ्यात उघडणारा. सहा महिन्यांत गळायला लागला. तुमच्या पद्धतीने उघडला तर आत वॉशर नाहीच, एक बंद डबी निघाली. मी काही मोडलं का? (कॉलेजचा विद्यार्थी)

काही मोडलं नाहीस. तुझा नळ वेगळ्या जातीचा आहे आणि तू तो नीट उघडलास याचं मला कौतुक वाटतं.

त्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. तिच्या आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घट्ट टेकलेल्या असतात. दोन्हींना खिडक्या असतात. मूठ पाव फेरा फिरवली की खिडक्या समोरासमोर येतात आणि पाणी जातं. परत फिरवली की एकीची भिंत दुसरीच्या खिडकीवर येते. हे सिरॅमिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. इतकं कठीण की पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, पण हातातून फरशीवर पडलं तर टवका उडतो. म्हणून कार्ट्रिज हाताळताना खाली फडकं अंथर.

सहा महिन्यांत गळण्याचं नेहमीचं कारण वाळूचा कण किंवा क्षाराचा कपचा. तो चकत्यांमध्ये अडकला की त्या एकमेकींवर सपाट बसत नाहीत. कार्ट्रिज स्वच्छ पाण्यात धर आणि त्याची दांडी डावी-उजवीकडे दहा-बारा वेळा फिरव. खिडकीतून पांढरट भुकटी बाहेर पडताना दिसेल. पांढरा थर चिकटून बसला असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेव. बारीक बुडबुडे उठले की समजायचं क्षार सुटतोय. मग चांगलं धू. व्हिनेगर नळाच्या चकचकीत बाहेरच्या अंगावर मात्र राहू देऊ नकोस, मुलामा काळवंडतो.

दुसरी जागा कार्ट्रिजच्या तळाशी. तिथे एक रबरी कडी असते, ती नळाच्या आतल्या तळावर टेकते. ती चपटी झाली असेल तर चकत्या कितीही चांगल्या असोत, पाणी कडेने निसटतं. खूपदा दोष सगळा याच कडीचा असतो आणि लोक पूर्ण कार्ट्रिज टाकून देतात.

कार्ट्रिज बदलायचं ठरलंच तर जुनं सोबत ने आणि तीन गोष्टी जुळव: उंची, दांडीवरचे दाते आणि फिरण्याची दिशा. दाते 20 असतात तसे 24 ही असतात, नुसत्या नजरेला सारखेच वाटतात, पण मूठ बसत नाही. आणि गरम-थंड अशी जोडी असेल तर दोघांची कार्ट्रिजं बहुधा उलटसुलट फिरणारी असतात. आणि हो, पुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू होतो तेव्हा पाइपातला गाळ सुटून येतो. तेव्हा असा नळ लगेच उघडू नकोस. आधी साध्या फिरकीच्या नळातून गढूळ पाणी जाऊ दे.

खोली भाड्याची आहे, तर काम सुरू करण्याआधी मालकांच्या कानावर घाल. मेन कॉक बंद केल्याने आणखी कोणाचं पाणी जाणार असेल तर त्यांनाही सांग.

नळ बंद असताना एक थेंब पडत नाही. उघडला की मात्र मुठीखालून पाणी पाझरतं आणि हातावरून कोपरापर्यंत ओघळतं. वॉशर बदलू का?

नका बदलू, तुमचा वॉशर उत्तम आहे. हे मुठीच्या बुडाचं दुखणं. स्पिंडल जिथून बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती पॅकिंगचा दोरा (ग्लँड दोरा) किंवा ओ-रिंग म्हणजे रबरी कडी असते. मूठ काढा, खालचा छोटा ग्लँड नट पाव फेरा आवळून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. थांबलं पण मूठ जड झाली, तर थोडा सैल करा. तरी पाझरत असेल तर पुरवठा बंद करून नट पूर्ण काढा, जुना कडक दोरा टाचणीने उकरून काढा आणि नवा, ग्रीस लावलेला, दोन-तीन वेढे देऊन भरा. ओ-रिंग असेल तर मापाची नवी. नट आवळण्याचं काम इतकं सोपं आहे की त्यासाठी कोणाची वाट बघू नये.

स्वयंपाकघरातला एकदांडी मिक्सर बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटं ठिबकतो, मग आपोआप थांबतो. शिवाय तोटी फिरवते तिथे खाली पाण्याचं कडं जमतं. दोन्हींसाठी कार्ट्रिज बदलायला सांगितलंय.

थांबा, घाई करू नका. ही दोन वेगळी पाणी आहेत.

पहिलं पाणी गळतीचं नाहीच, असं मला वाटतं. तुमची तोटी उंच आणि वळलेली असेल. बंद केल्यावर तिच्या पोटात थोडं पाणी उरतं. तोंडाची बारीक जाळी ते काही वेळ धरून ठेवते, मग हवेचा एखादा बुडबुडा वर गेला की थेंब सुटतात. खात्री करून घ्या: रात्री मिक्सर बंद करा, पाच मिनिटांनी तोटीचं तोंड कोरडं पुसा, खाली कोरडा कागद ठेवा आणि झोपा. सकाळी कागद कोरडा असेल तर कार्ट्रिजला हात लावू नका. जाळी तेवढी काढून धुवा. क्षाराने भरलेली जाळी हे ठिबकणं वाढवते.

दुसरं पाणी खरं आहे, पण ते कार्ट्रिजचं नाही. तोटी जिथे फिरते तिथे वर-खाली दोन ओ-रिंग असतात. रोजच्या फिरण्याने त्या झिजतात आणि नळ चालू असतानाच पाणी सुटतं. पुरवठा बंद करून तोटी सोडवा. काहींना मागे छोटा स्क्रू असतो, काहींना वरचा भाग आधी काढावा लागतो. नंतर ती वळवत वळवत वर उचला. जुन्या ओ-रिंग कापून काढल्या तरी चालतील, पण खोबण खरवडू नका. नव्या बसवताना सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर द्या. घरातलं कुठलंही तेल किंवा पेट्रोलियम जेली नको. काही जातींचं रबर त्याने फुगतं आणि तोटी फिरेनाशी होते.

उद्या कार्ट्रिज बदलायची वेळ आलीच, तर व्यास मोजा. 35 आणि 40 मिलिमीटर ही मापं सर्रास असतात. तळाशी दोन खुंट्या असतात, त्या नळाच्या भोकांत बसल्याची बोटाने खात्री करा, मगच वरचं कडं आवळा. अशा एका दांडीच्या नळाची कल्पना अमेरिकेतल्या अल मोएन यांना 1937 मध्ये सुचली, दोन चाव्यांच्या नळाखाली हात धुताना गरम पाण्याने हात पोळला म्हणून. तो नळ विक्रीला यायला 1947 उजाडलं. हात न पोळता पाणी मिळावं एवढ्यासाठी एक माणूस दहा वर्षं खपला, ही गोष्ट मला फार आवडते.

बेसिनखालच्या जाळीच्या कनेक्शन पाइपचा जोड गळतो. टेफ्लॉन टेपचे वीस फेरे दिले, तरी थेंब येतोच.

टेप काढून टाका, सगळी. त्या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, नटाच्या आतली रबरी चकती अडवते. टेपच्या जाडीमुळे नट पुरता वर जात नाही आणि चकती टेकतच नाही. म्हणजे वीस फेऱ्यांनीच गळती टिकवून धरली आहे. आत चकती आहे का बघा. खूपदा ती जुन्या जोडालाच चिकटून राहिलेली असते, किंवा दोन होतात, किंवा दुमडलेली असते. समोरची कड पुसा, चकती सपाट ठेवा, नट हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि पान्याने पाव ते अर्धा फेरा. त्यापुढे आवळलं की चकती चिरते.

टेप लागते ती नळाच्या शेपटाला, जे भिंतीतल्या आट्यांत जातं. तिथे मध्ये चकती नसते, आट्यांमधली फटच बुजवायची असते. आट्यांचं तोंड आपल्याकडे करा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, जरा ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती उलगडत बाहेर येते. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपच्या चिंध्या पाण्याबरोबर जाऊन जाळीत अडकतात.

कोणी विचारलं होतं, ‘अर्ध्या इंची’ नळाचे आटे मोजले तर 21 मिलिमीटर भरतात, मग हा अर्धा इंच कसा? ते नाव पाइपाच्या आतल्या वाटेवरून जुन्या काळी पडलं, आट्यांच्या बाहेरच्या मापावरून नाही. तुमची मोजपट्टी बरोबर आहे आणि नळही बरोबर आहे.

नळ दिवसा कोरडा आणि रात्रीच टपटपतो. घरचे म्हणतात मला भास होतो.

तुम्हाला भास होत नाही. दिवसा सगळीकडे पाणी वापरात असतं आणि वाहत्या पाण्याचा दाब पाइपात खर्च होतो. रात्री सगळे नळ बंद, पाणी जागेवर उभं, मग पूर्ण दाब तुमच्या वॉशरवर येतो. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तर तो दाब साधारण 1 बार भरतो. दिवसाचा दाब तुमचा वॉशर कसाबसा पेलतो, रात्रीचा पेलत नाही. म्हणजे तो जायच्या बेताला आला आहे. आता बदललात तर सीटवर खाच पडायच्या आत काम होईल, आणि तुम्ही ते सगळ्यांच्या आधी ऐकलंत हे बरंच झालं.

याच जातीचं आणखी एक. गरम पाण्याचा नळ बंद करताना कोरडा असतो आणि पंधरा मिनिटांनी ठिबकायला लागतो, असं तिघांनी लिहिलंय. गरम असताना स्पिंडल आणि वॉशर फुगलेले असतात, गार झाले की किंचित आक्रसतात आणि फट पडते. तिथे गरम पाण्याचा म्हणून मिळणारा वॉशरच घाला. गिझर असेल तर आधी त्याची वीज बंद करा, मग पाणी बंद करा, आणि नळाला हात लावायच्या आधी पाइप गार होऊ द्या.

थोडासा उघडला की आमचा नळ भोंग्यासारखा ओरडतो, गळत मात्र नाही.

जंपर किंवा त्याचा वॉशर सैल झालाय आणि पाण्याच्या धारेत थरथरतोय. उघडा, छोटा नट आवळा, वॉशर जुना असेल तर लगे हात बदला.

भिंतीतला जुना नळ बदलायचा आहे. पाना लावला, तो हलत नाही. लांब पाइप अडकवून जोर लावू का?

नाही. कृपा करून नको.

वसतिगृहात कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी हेच केलं होतं. नळ हलेना, मी पान्याला पाइप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. नळ फिरला, पण आट्यांसकट नाही. शेपूट भिंतीत राहिलं आणि बाकी नळ माझ्या हातात आला. तुटलेली कड मी आजही विसरले नाही: पितळ पिवळं नव्हतं, आतून तांबूस आणि सच्छिद्र झालं होतं. पाण्यामुळे वर्षानुवर्षं पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा राहतो. बाहेरून मुलामा चकचकीतच असतो. त्या संध्याकाळी एका अख्ख्या मजल्याला पाणी नव्हतं आणि रात्री उशिरा वडिलांनी येऊन भिंतीतला तुकडा काढला. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मी टॉर्च धरून उभी होते.

म्हणून माझं सांगणं असं: साध्या पान्याने, दोन हातांच्या जोराने नळ हलला तर ठीक. नाही हलला, नळाच्या कडेला तांबूस पट्टा दिसला, भिंतीत प्लास्टिकचा जोड असल्याची शंका असेल, किंवा नळाभोवतीची भिंत ओली होऊन पोपडे धरत असतील, तर फिटरला बोलवा. तुटलेलं शेपूट काढायची त्यांच्याकडे वेगळी अवजारं असतात. मेन कॉकच नीट बंद होत नसेल, तेव्हासुद्धा आधी तो त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. वॉशर, ओ-रिंग, ग्लँड, कार्ट्रिज हे सगळं तुमचं. भिंतीच्या आतलं त्यांचं.

आजी सांगते, जुना वॉशर उलटा करून लावला तरी चालतो. खरं आहे का?

खरं आहे. उलटी बाजू सीटवर कधी टेकलेली नसते, त्यामुळे तिच्यावर वण नसतो. रात्री-बेरात्री नळ सुटला आणि दुकानं बंद असतील तर मीही तेच करते. रबर मात्र तेवढंच जुनं आणि कडक असतं, तेव्हा नवा वॉशर आणून लवकरच बदला. आजींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्याकडे असं आणखी काही असेल तर पुढच्या पत्रात जरूर लिहून पाठवा.